कीटक-विषाणूंची निर्मिती आणि मोजणी

हरभऱ्याच्या अथवा टोमॅटोच्या शेतात कधी कधी एक चमत्कारिक दृश्य दिसते. एखादी अळी रोपाच्या शेंड्याशी चढून, मागच्या पायांनी उलटी लोंबकळत मेलेली असते. स्पर्श होताच तिची कातडी फाटते व आतून पांढुरका द्रव ठिबकतो. ही अळी विषाणूच्या रोगाने मेलेली असते. हाच रोग पिकाच्या रक्षणासाठी योजता येतो.

बंगळूरच्या पूर्वेकडील होसकोटे भागात टोमॅटोची फळे पोखरणारी अळी आणि महाराष्ट्रातील घाटेअळी या दोन्ही एकाच जातीच्या होत. पुष्कळ रासायनिक कीटकनाशकांना ती दाद देईनाशी झाल्यामुळे या रोगाचे महत्त्व वाढले. बंगळूर येथे 1993 साली जैविक नियंत्रणाचे प्रकल्प संचालनालय स्थापन झाले. 2014 पासून ते राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखले जाते. अशा विषाणूंचा अभ्यास हे तेथील संशोधनाचे एक अंग आहे.

हा विषाणू प्रथिनाच्या बहुफलक स्फटिकात बंदिस्त असतो. स्फटिकाचा आकार साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. पानाबरोबर तो अळीच्या पोटात गेला, की तेथील अल्कधर्मी रसात विरघळतो व विषाणू मोकळे होतात. रेशीमकिड्यांनाही असाच रोग होतो. परंतु त्याचा विषाणू निराळा. घाटेअळीचा विषाणू रेशीमकिड्यास अथवा मनुष्यास बाधत नाही.

विषाणू केवळ जिवंत पेशींतच वाढतो. म्हणून प्रथम अळ्याच पाळाव्या लागतात. हरभऱ्याचे पीठ, यीस्ट व जीवनसत्त्वे घालून त्यांचे खाद्य करतात. या अळ्या एकमेकींना खात असल्याने प्रत्येकीस स्वतंत्र कप्पा द्यावा लागतो. खाद्यावर विषाणू लावला, की सुमारे आठवड्याभरात त्या मरतात. मृत अळ्या पाण्यात वाटून, मलमलीतून गाळून, केंद्रोत्सारी यंत्राने स्फटिक वेगळे करतात.

आता प्रश्न मापाचा. एका मृत अळीतून मिळणारा विषाणू हे माप सोयीचे खरे. पण एक अळी लठ्ठ, तर दुसरी किरकोळ! म्हणून भारतात 600 कोटी स्फटिक म्हणजे एक 'अळी-तुल्यांक' असे ठरविण्यात आले. हेक्टरी 250 तुल्यांकांची शिफारस केली जाते.

ही मोजणी रक्तपेशी मोजण्याच्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली होते. पट्टीवरील लहान चौकोनात 1 मिलिलिटरचा 40 लाखावा भाग द्रव मावतो. समजा, मूळ द्रव हजारपट पातळ केल्यावर चौकोनागणिक सरासरी 5 स्फटिक आढळले. 5 ला 40 लाखांनी व पुन्हा हजाराने गुणले असता मिलिलिटरमागे 2,000 कोटी स्फटिक भरतात. हेक्टरी 1,50,000 कोटी स्फटिक हवेत. अर्थात असा द्रव 75 मिलिलिटर पुरेल.

तथापि एवढ्याने परीक्षा संपत नाही. उन्हाने निकामी झालेला विषाणूही स्फटिकाच्या आत तसाच लपलेला राहतो व मोजणीत धरला जातो. म्हणून निरनिराळ्या मात्रा अळ्यांना चारून, निम्म्या अळ्या कोणत्या मात्रेने मरतात, हेही पाहावे लागते. फवारणी सायंकाळी करण्याचे कारणही उन्हाचा हा परिणामच होय.

बाटलीतील गढूळ द्रव औषध आहे की नुसते घाण पाणी, हे शेतकऱ्यास डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्याचा भरवसा बाटलीवर छापलेल्या आकड्यावर असतो. तो आकडा खोटा ठरला, तर पीक तर जातेच. पण पुढच्या हंगामात चांगल्या औषधावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. म्हणूनच या उद्योगात निर्मितीइतकेच मोजणीलाही मोल आहे.