असाइनमेंटसाठी रिटेल आणि रोजगाराचे खात्रीचे आकडे कुठे मिळतील?

असाइनमेंटमध्ये भारतातला बेरोजगारीचा दर लिहायचाय म्हणून तुम्ही गुगल करता. एका ठिकाणी ३.२ टक्के दिसतो, दुसऱ्या ठिकाणी ४.९. खरा कोणता? दोन्ही! दोन्ही आकडे जुलै २०२३ ते जून २०२४ या काळाचे, १५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचे आणि एकाच सरकारी सर्व्हेतले आहेत.

मी रोज डेटाबेसवर काम करतो. तिथला साधा नियम म्हणजे कॉलमचं नाव वाचल्याशिवाय आकडा उचलायचा नाही. इथेही तेच करायचं.

रोजगार: पीएलएफएस

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा हा सर्व्हे २०१७ पासून सुरू आहे. ३.२ हा आकडा मागच्या वर्षभराचा विचार करतो. वर्षात साधारण ३० दिवस जोडकाम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. ४.९ हा आकडा फक्त मागच्या सात दिवसांचा आहे. त्यात आठवड्यात एक तास काम केलं तरी पुरतं.

अजून एक गोष्ट. हा दर काढताना काम करणारे आणि काम शोधणारे एवढेच मोजतात. नोकरी न शोधणारा विद्यार्थी बेरोजगार धरला जात नाही.

जानेवारी २०२५ पासून सर्व्हेची पद्धत बदलली आणि आकडे दरमहा येऊ लागले. त्यामुळे जुने वार्षिक आणि नवे मासिक आकडे एकाच ग्राफमध्ये जोडू नका.

ईपीएफओचे पेरोल आकडेही मिळतात, पण ते पीएफ खात्यांचे असतात. जुन्या नोकरीत पीएफ नव्याने सुरू झाला तरी तो आकडा वाढतो, म्हणून त्याला थेट 'नव्या नोकऱ्या' म्हणू नका.

रिटेल: इथे जास्त घोळ होतो

'किरकोळ महागाई' म्हणजे दुकानांची विक्री नव्हे. तो ग्राहक किंमत निर्देशांक आहे, म्हणजे भाव किती वाढले ते. जीडीपीच्या तक्त्यात व्यापार हा हॉटेल, वाहतूक, दळणवळण यांच्यासोबत एकाच गटात येतो आणि त्यात होलसेलही असतं.

किराणा दुकानांसारख्या छोट्या धंद्यांसाठी 'असुसे' हा सर्व्हे बघा. त्यात दुकानं, कामगार, उलाढाल सगळं मिळतं. पण कंपनी म्हणून नोंदलेल्या मोठ्या रिटेल साखळ्या त्यात नसतात, हे असाइनमेंटमध्ये नक्की लिहा.

मोबाइलवर कसं शोधायचं?

सांख्यिकी मंत्रालयाचं 'ई-सांख्यिकी' पोर्टल २०२४ मध्ये सुरू झालं. तिथे सर्व्हे, वर्ष, राज्य निवडून तक्ता डाउनलोड करता येतो. एआय चॅटबॉटने आकडा दिला, तर तो आधी इथे पडताळा.

शेवटी प्रत्येक आकड्याखाली पाच गोष्टी लिहा: सर्व्हेचं नाव, काळ, वयोगट, व्याख्या आणि डाउनलोडची तारीख. व्हायवात सरांनी 'हा आकडा कुठून आणला?' विचारलं, की उत्तर तयार!