स्मृतीतून सावरलेले सूर

पेरू म्हटले की इंका साम्राज्य, माचूपिचू आणि अँडीज पर्वतातील बासरी आठवते. या देशाच्या पॅसिफिक किनारपट्टीवर आफ्रिकी वंशाच्या लोकांनी जोपासलेले एक समृद्ध संगीतही आहे, याची जाणीव जगाला फार उशिरा झाली. ती करून देण्यात गायिका आणि संशोधक सुसाना बाका यांचा वाटा मोठा आहे.

सोळाव्या शतकापासून स्पॅनिश राज्यकर्त्यांनी आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून पेरूत आणली. उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांत, तसेच लिमा शहरातील घरांत त्यांना राबविले गेले. १८५४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. मधल्या तीन शतकांत मूळ भाषा आणि वाद्ये बव्हंशी हरपली, पण ताल टिकला. त्याला आधार मिळाला तो हाताशी असलेल्या वस्तूंचा. लाकडी खोक्याचे 'काहोन' झाले. वादक त्यावरच बसतो आणि पुढच्या फळीवर हातांनी ताल धरतो. गाढवाच्या वाळलेल्या जबड्यातील सैल दातांच्या खुळखुळाटातूनही एक वाद्य जन्माला आले.

हे संगीत लिहून ठेवले गेले नव्हते. गुलामीची आठवण नकोशी असल्याने घराघरांतही ते मागे पडत गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास निकोमेदेस आणि व्हिक्टोरिया सांता क्रूझ या बंधू-भगिनींनी त्याच्या पुनरुज्जीवनासाठी मोठे कार्य केले. बाका त्याच परंपरेतील पुढच्या पिढीच्या.

लिमा येथे १९४४ मध्ये जन्मलेल्या बाका चोरिय्योस या समुद्रकाठच्या वस्तीत वाढल्या. ख्यातनाम गीतकार-संगीतकार चाबुका ग्रांदा यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे पती रिकार्दो परेरा यांच्यासह बाका किनारपट्टीवरील गावोगावी हिंडल्या आणि वृद्धांच्या आठवणीतील गाणी व कहाण्या त्यांनी टिपून घेतल्या. एक वृद्ध निवर्तला की त्याच्याबरोबर काही गाणीही कायमची जाणार, हे त्या जाणून होत्या. १९९२ मध्ये या दांपत्याने 'नेग्रोकोंतिनुओ' ही संस्था स्थापन केली.

अशा नोंदींचे मोल काहोनच्या प्रवासातून ध्यानी येते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेनचे गिटारवादक पाको दे लुसिया यांनी हे वाद्य फ्लामेंकोत आणले. तेथे ते इतके रुळले की अनेकांना ते मूळचे स्पेनचेच वाटते. २००१ मध्ये पेरूने काहोनला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा घोषित केले.

१९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'द सोल ऑफ ब्लॅक पेरू' या संकलनातून बाका यांचा आवाज जगभर पोहोचला. २००२ मध्ये त्यांना लॅटिन ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मायदेशातील मान्यता मात्र सावकाश आली. पेरू सरकारने आफ्रिकी वंशाच्या नागरिकांची अधिकृत क्षमा मागितली, ती २००९ मध्ये. २०११ मध्ये बाका काही महिने देशाच्या सांस्कृतिक मंत्री होत्या.

पद अल्पकाळ टिकले, गाणे मात्र थांबले नाही. पंचाहत्तरी ओलांडल्यावर, २०२० मध्ये, 'अ कापेला' या अल्बमसाठी त्यांना पुन्हा लॅटिन ग्रॅमी मिळाला. वृद्धांकडून मिळालेला ठेवा केवळ ध्वनिफितींत बंद न ठेवता तो गात राहणे, हीच बाका यांची जतनाची रीत होय.