संशय आणि सूचना

विद्यार्थीमित्रहो, रस्त्यांत, आगगाडींत किंवा बंदरावर कांहीं विपरीत दृष्टीस पडलें असतां सुज्ञ नागरिकानें काय करावें, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

२६ नोव्हेंबर २००८ रोजीं रात्रीं मुंबईंत कफ परेडजवळील मच्छीमार वसाहतीच्या किनाऱ्यास रबरी होडींतून अनोळखी तरुण उतरले. त्यांच्या जड पिशव्या कोळी बांधवांच्या नजरेंतून सुटल्या नाहींत. त्यांनीं विचारपूसही केली. त्या पिशव्यांत शस्त्रें होतीं, हें त्यांस कसें कळावें? पुढें त्या हल्लेखोरांनीं केलेल्या संहारांत १६६ माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां संशय येणें जितकें मोलाचें, तितकेंच स्वतः जाब विचारणें धोक्याचें, हें यावरून ध्यानांत यावें.

म्हणून प्रथम दूर व्हावें. बेवारशी वस्तूस हात लावूं नये, कोणाचा पाठलाग करूं नये. मग ११२ या क्रमांकावर, किंवा समुद्रकिनारीं असल्यास १०९३ वर, पोलिसांस कळवावें. लहान मुलांनीं आधीं जवळच्या वडील माणसास सांगावें.

सांगतांना जें पाहिलें तेंच सांगावें : स्थळ, वेळ, माणसें किती, वाहनाचा क्रमांक कोणता, तीं कोणत्या दिशेस गेलीं. "तो मनुष्य चोर आहे," हा झाला आपला निवाडा. "दोन इसम फलाटावर पेटी ठेवून जिन्यानें निघून गेले," ही झाली माहिती. पोलिसांस माहिती हवी. निवाडा न्यायालय करील. कोणाची भाषा, पोशाख किंवा धर्म आपल्याहून निराळा आहे, एवढ्यावरून संशय घेणें म्हणजे निरपराध्यास विनाकारण संकटांत लोटणें होय.

कित्येक जण सूड उगवला जाईल या भयानें गप्प बसतात. परंतु गुन्ह्याची बातमी कोठून मिळाली, हें सांगण्याची सक्ति पोलिस अधिकाऱ्यावर करतां येत नाहीं, असा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही तो कायम आहे. जाणूनबुजून खोटी खबर देणें मात्र गुन्हा आहे. सद्भावनेनें दिलेली सूचना पुढें निराधार ठरली, तर तो गुन्हा नव्हे.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल असें कांहीं सांगूं लागल्यास "तुला काय करायचें आहे?" म्हणून त्यास गप्प करूं नये. त्याचें बोलणें शांतपणें ऐकून घ्यावें आणि पोलिसांस कळविण्याचें काम आपण स्वतः करावें.