दचकवण्याआधीची दोन मिनिटे

एक जुना वाडा. नव्याने राहायला आलेले कुटुंब टेम्पोतून सामान उतरवते आहे. लहान मुलगी हसत हसत लाकडी जिना चढते. वरच्या खोलीचे दार किंचित उघडे आहे.

अजून काहीच घडलेले नाही. तरीही भयपट पाहण्याची सवय असलेला प्रेक्षक एव्हाना खुर्चीत सावरून बसलेला असतो. भयपटाच्या ट्रेलरची ही अगदी ठरलेली सुरुवात. कादंबरीकाराला दोनशे पाने मिळतात, चित्रपटाला दोन तास. ट्रेलरला मिळतात जेमतेम दोन-अडीच मिनिटे. पात्रांची नावेसुद्धा ठाऊक नसताना एवढ्या वेळात आपल्या तळहातांना घाम कसा काय फुटतो?

अर्धे काम आपणच आधी करून ठेवलेले असते. नारायण धारपांच्या भयकथा वाचलेल्या माणसाला ओसाड वाडा म्हटले की पुढचे फारसे सांगावे लागत नाही. किरकिरणारे दार, मिणमिणता दिवा, आपोआप हलणारा पाळणा, आरशात पाठीमागे सरकून गेलेले काहीतरी, हे या प्रकारातले संकेत म्हणजे एक लघुलिपी आहे. ट्रेलर एक खूण दाखवतो, बाकीचे वाक्य आपण मनात पुरे करतो. आणि आपण स्वतः पुरे केलेले वाक्य पडद्यावरच्या वाक्यापेक्षा हमखास जास्त भयंकर असते.

आल्फ्रेड हिचकॉकला हे पक्के कळलेले होते. त्याच्या ‘सायको’ (१९६०) या चित्रपटाचा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात चित्रपटातले प्रसंग जवळजवळ नाहीतच. स्वतः हिचकॉक एखाद्या वाटाड्यासारखा आपल्याला ते घर आणि मोटेल हिंडून दाखवतो. पार्श्वभूमीला हलकेफुलके संगीत. इथे काय झाले हे तो सांगू लागतो आणि वाक्य अर्धे सोडून पुढच्या खोलीत जातो. शेवटी न्हाणीघराचा पडदा बाजूला सारतो, आणि एका स्त्रीची किंकाळी! (गंमत म्हणजे ही किंकाळी मारणारी अभिनेत्री व्हेरा माइल्स आहे, चित्रपटात त्या न्हाणीघरात असते ती जॅनेट ली.)

हिचकॉक धक्का आणि उत्कंठा यांत फरक करीत असे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाच्या वेळी त्याला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब आहे आणि पंधरा मिनिटांनी फुटणार आहे हे त्याला आधीच कळले असेल, तर टेबलाभोवतीच्या क्षुल्लक गप्पासुद्धा तो श्वास रोखून ऐकतो. ट्रेलरला या दोन्ही गोष्टी हव्या असतात. त्या एकमेकींना कशी मदत करतात हे शरीरशास्त्रातून चांगले समजते.

दचकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की कानाकडून येणारा संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातूनच स्नायूंकडे वळतो. विचार करणाऱ्या भागाची परवानगी लागत नाही. माणसाची पापणी सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात मिटू लागते. यात आवाज किती मोठा आहे याइतकेच तो किती अचानक आला याला महत्त्व असते. तोच आवाज हळूहळू वाढवत नेला तर कोणी दचकत नाही.

१९५१ साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की ज्या खुणेनंतर विजेचा झटका बसतो हे उंदीर शिकले होते, ती खूण चालू असताना त्याच आवाजाला ते अधिक जोरात दचकत. भीतीने ही प्रतिक्षिप्त क्रिया वाढते. माणसाच्या बाबतीत नुसता अंधारसुद्धा हे काम करतो, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हणजे अंधारा जिना, अर्धवट उघडे दार हे सगळे उंदरांच्या त्या खुणेसारखे आहे. दोन मिनिटे खूण दाखवत राहायची आणि मग फक्त एक दणका द्यायचा.

इथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही क्रिया इच्छेच्या ताब्यात नसल्यामुळे, ‘हे सगळे खोटे आहे’ हे पूर्ण ठाऊक असलेले मूलही दचकते. वर्गात अशा मुलाला ‘भित्रा’ म्हणून चिडवले जाते. चिडवणाऱ्यांच्या पापण्याही त्याच क्षणी मिटलेल्या असतात, फक्त त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

आता आवाजाकडे वळू. आमच्या मते ट्रेलरची खरी कारागिरी चित्रांपेक्षा इथे आहे. साध्या बोलण्यातला चढउतार संथ असतो, सेकंदाला चार-पाच वेळा. किंकाळीत मात्र आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा कमीजास्त होते. त्यामुळे ती खरखरीत लागते, आणि हा खरखरीतपणा जितका जास्त तितकी ती ऐकणाऱ्याला अधिक भयावह वाटते, असे २०१५ मधल्या एका अभ्यासात दिसले. व्हायोलिनची तार मुद्दाम कर्कश घासली की असाच काहीसा परिणाम होतो. रिडली स्कॉटच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये एकही संवाद नाही, निवेदकही नाही. एक अंडे, त्याला जाणारा तडा, आतून येणारा उजेड, मग भोंग्यासारखा विव्हळणारा आवाज आणि त्यावर धावणाऱ्या माणसांची भराभर बदलणारी दृश्ये. शेवटी एक ओळ येते: अवकाशात तुमची किंकाळी कोणालाच ऐकू जात नाही. (ध्वनीला माध्यम लागते, हा पाठ शिकवताना ही ओळ उपयोगी पडेल. यानाच्या आत हवा असते, मग तिथली किंकाळी ऐकू येईल की नाही, हेही मुलांना विचारावे.)

सतत चढत जाणारा, पण कधीच शिखराला न पोहोचणारा स्वर, हे आणखी एक साधन. पेटीवर सा एकाच वेळी तीन-चार सप्तकांत धरला आहे अशी कल्पना करा. हे सगळे स्वर एकदमच वर चढू लागले, सर्वांत वरचा विरत गेला आणि खालून नवा हळूच मिसळत राहिला, तर स्वर सारखा चढतोच आहे असा भास होतो. रॉजर शेपर्ड यांनी १९६४ साली या भ्रमाचे वर्णन केले. आपण चढ संपायची वाट पाहत राहतो आणि तो संपत नाही.

आणि मग एकदम शांतता. मघाच्या गोंगाटानंतर ही शांतता मोठी वाटते, आणि शांततेनंतरचा दणका त्याहून मोठा. याला एक व्यावहारिक बाजूही आहे. अमेरिकेतील चित्रपट उद्योगाने ट्रेलरच्या आवाजाला ८५ डेसिबलची मर्यादा घातली, पण ती मोजली जाते संपूर्ण ट्रेलरच्या सरासरीवर. साहजिकच मधला शांत भाग सरासरी खाली आणतो आणि दणक्यासाठी जागा करून देतो. नाव पडद्यावर आले, ट्रेलर संपला असे वाटून आपण सैलावलो, की शेवटचा धक्का येतो. ही युक्ती आता इतकी जुनी झाली आहे की प्रेक्षक तिची वाटच पाहत असतो. तरीही ती चालते. कारण वर सांगितलेच आहे.

सगळेच ट्रेलर असे धावत नाहीत. स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘द शायनिंग’ (१९८०) या चित्रपटाच्या पहिल्या छोट्या ट्रेलरमध्ये कॅमेरा हलतच नाही. समोर लिफ्टची बंद दारे, वर सरकत जाणारी नावे, वाढत जाणारे संगीत. मग दारातून रक्ताचा लोंढा येतो. संपले.

याच ‘शायनिंग’वर २००५ साली रॉबर्ट रायांग या संकलकाने एका स्पर्धेसाठी वेगळाच ट्रेलर बनवला. चित्रपटातलीच दृश्ये, पण खेळकर निवेदन आणि आनंदी गाणे. पाहणाऱ्याला वाटावे, वडील-मुलाच्या प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट आहे! पुढच्याच वर्षी ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) या बालचित्रपटाच्या दृश्यांतून कोणीतरी अंगावर काटा आणणारा ट्रेलर तयार केला. तोच हसरा चेहरा, पण त्याखाली कर्कश तारा आणि मध्येमध्ये काळा पडदा.

नववी-दहावीच्या वर्गात हे करून पाहता येते. वयाला योग्य असा एखादा ट्रेलर आधी आवाज पूर्ण बंद करून दाखवा, मग चित्र झाकून नुसता ऐकवा, शेवटी दोन्ही एकत्र. ज्याला पाहायचे नसेल त्याने खुशाल बाहेर थांबावे. प्रत्येक वेळी मुलांनी घड्याळ धरून दृश्य किती वेळा बदलले (किंवा पूर्ण शांतता किती सेकंद होती) याची नोंद करावी आणि दर पंधरा सेकंदांच्या टप्प्यासाठी आलेख काढावा. दृश्यबदलांचा आलेख शेवटाकडे उभा चढत जातो आणि शांततेच्या जागी एकदम शून्यावर येतो. आवाजाविना पाहताना याच जागी मुले बहुधा हसतात.