सरकारी वहीतली आडनावं

फिलिपाइन्सच्या आल्बाय प्रांतात ओआस नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या घराण्यांची आडनावं बघत गेलं, तर एकामागून एक ‘आर’ या अक्षराने सुरू होणारी निघतात. ही घराणी एकमेकांची भाऊबंद नाहीत. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी स्पॅनिश गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने जो हुकूम काढला, त्याची ही खूण आहे.

तोवर तिथे बहुतेक घरांत बापाचं नाव मुलाला चालवायची रीत नव्हती. बाप्तिस्मा घेतलेले असंख्य लोक ‘दे ला क्रूझ’ म्हणजे क्रुसाचा किंवा ‘दे लोस सांतोस’ म्हणजे संतांचा अशी नावं लावत, आणि सख्ख्या भावांची आडनावंसुद्धा वेगळी असत. कर कुणाकडून आला, कुणाचा बुडाला, याचा मेळ लागेना. मग क्लाव्हेरियाने सुमारे साठ हजार आडनावांची वर्णानुक्रमे यादी छापून घेतली. तीत स्पॅनिश आडनावं होती, तसे झाडं, खनिजं, भूगोल, कला यांतले आणि स्थानिक भाषांतलेही शब्द होते. तिची पानं आधी प्रांतांना आणि प्रांतांतून गावांना वाटली गेली. वस्तीच्या मुखियासमोर घरातल्या वडीलधाऱ्याने एक नाव निवडायचं, नाहीतर नेमून दिलेलं घ्यायचं. चार पिढ्या एकच आडनाव चालवलेल्यांना तेवढी सूट होती.

शाळामास्तरांना वेगळी ताकीद होती. पटावर प्रत्येक मुलाचं आडनाव हवं, मुलांनी एकमेकांना त्याच नावाने ओळखायचं, आणि यात हयगय झाली तर शिक्षा मास्तरांना. परकी नावं घराघरांत रुजली ती अशी, मुलांच्या तोंडून.

फिलिपिनो राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या घराण्याचं नाव मूळचं मेर्कादो. रिझाल हे त्या हुकमानंतर जोडलं गेलं. १८७२ मध्ये देहदंड झालेल्या फादर बुर्गोस यांच्याशी थोरल्या भावाची जवळीक होती आणि मेर्कादो नावावर सरकारचा डोळा होता, म्हणून धाकट्याचं नाव शाळेत रिझाल असं घातलं. १८९६ मध्ये सरकारने गोळ्या घातल्या त्या याच नावाच्या माणसाला.

अशी सक्ती इतरत्रही झाली. जपानमध्ये १८७० मध्ये सामान्य रयतेला आडनाव लावायची परवानगी मिळाली आणि १८७५ मध्ये ते बंधनकारक झालं. लष्करभरतीसाठी माणसांची पक्की नोंद हवी होती. तानाका म्हणजे भातखाचरांच्या मधला, यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा. सयाममध्ये १९१३ मध्ये राजा वजिरावुध याने कायदा केला आणि स्वतः हजारो आडनावं घडवून दिली. त्यांत संस्कृत आणि पाली शब्दांचा भरणा आहे.

तुर्कस्तानचा कायदा १९३४ चा. त्याच वर्षी संसदेने मुस्तफा केमाल यांना ‘अतातुर्क’ हे नाव दिलं. इस्मेत पाशांना ‘इनोनू’ मिळालं, ज्या गावाजवळ त्यांनी १९२१ मध्ये दोन लढाया जिंकल्या त्याचं. अतातुर्कांची मानसकन्या साबिहा हिला ‘गोकचेन’ हे नाव मिळालं. ‘गोक’ म्हणजे आकाश. तेव्हा ती विमान चालवायला शिकलेलीही नव्हती, पुढे ती तुर्कस्तानची नामांकित लढाऊ वैमानिक झाली. पण याच कायद्यामागोमाग आलेल्या नियमांनी आर्मेनियन ‘यान’सारख्या प्रत्ययांना मनाई केली. एका समाजाची ओळख कागदावरून पुसण्याचा तो उघड प्रयत्न होता, आणि या सुधारणेचं कौतुक करताना तो विसरता कामा नये.

मराठी मुलखात सर्वांना एकदम आडनावं वाटणारा हुकूम निघाला नाही, पण दप्तराने आपलं काम इथेही केलं. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस यांतला ‘नीस’ फारसी ‘नवीस’मधून आला, म्हणजे लिहिणारा. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. हुद्द्यापुढे ते मागे पडलं. गोव्यात धर्मांतरितांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, पेरेरा म्हणजे नासपतीचं झाड.

शेवटी ‘कर’ लागलेली नावं मात्र रस्त्यावर जन्मली. पेणमध्ये राहणाऱ्या माणसाला पेणकर म्हणून काय उपयोग? गाव सुटलं की बाहेरचे लोक त्याला त्या नावाने हाक मारतात. कोकणातले बेने इस्राएल ज्यू तेलाचे घाणे चालवत, शब्बाथला म्हणजे शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या घरांत नावं हिब्रू परंपरेतली आणि आडनावं किहीमकर, रोहेकर, पेणकर. यांतली कितीतरी घराणी इस्राएलला गेली, तरी आडनावातून रायगडची गावं त्यांच्यासोबत आहेत.

या सगळ्या वह्यांत बायकांना मात्र क्वचितच कुणी विचारलं. जपानच्या १८९८ च्या नागरी संहितेने नवरा-बायकोचं एकच आडनाव ठरवलं. आज कायद्याने ते दोघांपैकी कुणाचंही चालतं, तरी दर वीस जोडप्यांतल्या साधारण एकोणीस ठिकाणी बदलते ती बायकोच. त्याविरुद्ध स्त्रिया न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ही तरतूद घटनेला धरून असल्याचं सांगितलं आणि बदल करायचा तर तो संसदेने करावा, असं म्हटलं.