बाटली ठेवा, तूस बघा

लंगडे ब्रॉयलर पक्षी दिसले की शेडवर पहिली धाव कॅल्शियमच्या बाटलीकडे. खाद्यात कॅल्शियम, फॉस्फरस किंवा डी-३ जीवनसत्त्व कमी पडलं तर पाय वाकतात, हे खरं. पण चांगल्या खाद्यावरच्या लॉटमध्येही लंगडे निघतातच. पक्षी झपाट्याने वाढावा म्हणून हार्मोनची इंजेक्शनं देतात, ही तर निव्वळ थाप. वाढीचा वेग आलाय पैदाशीतून: कॅनडातल्या एका प्रयोगात १९५७ च्या वाणाचा पक्षी ५६ दिवसांत ९०० ग्रॅमच्या आसपास भरला, २००५ चा चार किलोंच्या वर. एवढा भार कोवळ्या हाडांना झेपेल की नाही, हे बरंचसं शेडवर ठरतं.

‘रात्रभर दिवे ठेवले की पक्षी लवकर भरतो.’ भरतो, पण बसून. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५१,००० पक्ष्यांची चाल तपासली. सरासरी ४० दिवसांच्या वयात २७.६ टक्के पक्ष्यांना नीट चालता येत नव्हतं; अंधाराचे तास जिथे कमी, तिथे चाल जास्त वाईट. युरोपीय संघात रोज एकूण सहा तास अंधार, त्यातले चार सलग, असा नियम आहे.

‘पक्ष्याला चौरस फूट जागा देतो, मग पाय का जातील?’ दोन किलोच्या पक्ष्याला तेवढी जागा म्हणजे चौरस मीटरला साधारण २१ किलो. युरोपात मूळ मर्यादाच ३३ किलोंची. म्हणजे आपल्याकडे दाटी कमीच. पण ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये २७ लाख पक्ष्यांच्या अभ्यासातून दाखवलं, की दाटीपेक्षा शेडमधली हवा, ओल आणि खालची तुसाची गादी यांचा परिणाम मोठा. (अतिदाटीत चाल बिघडते, हेही त्यांनाच दिसलं.)

तेव्हा आधी पक्षी उचलून तळवा बघा. मधोमध काळी खपली असेल तर गादी ओली आहे. पाण्याच्या निपलच्या रांगेखालचं तूस मुठीत दाबा. गोळा होऊन सुटला तर ठीक. तसाच राहिला तर ओल जास्त. निपल गळतंय का, पाण्याची लाइन फार खाली आहे का, हे तिथेच कळतं. पावसाळ्यात गारठा नको म्हणून पडदे गच्च बंद करतात. मग दमट हवा आतच कोंडते आणि अमोनियाने डोळे चुरचुरतात. गादीच्या ढेपा झाल्या असतील तर वरून चुना मारून भागत नाही. त्या उचलून बाहेर टाकायच्या आणि कोरडं तूस पसरायचं.