काइफेंगमधले शेवटचे रोजे

मिरजेचं एक प्राध्यापक जोडपं चीनमधल्या काइफेंगला शिकवतं. करार संपत आलाय. ईद झाली की परतायचं. सामान तो बांधतोय. तिची संध्याकाळ मात्र ठरलेली: खजुराने रोजा सोडायचा, हुई मुस्लिमांच्या दुकानातलं मटणाचं गरम सूप प्यायचं आणि वांगजिया गल्लीतली मशीद गाठायची. १८२० सालची ही मशीद बायकांची. नमाज पढवणारीही बाईच, तिला ‘आहोंग’ म्हणतात. आपल्याकडे सांगून पटणार नाही! गावी आजीपासून सगळ्या घरातच नमाज पढल्या. रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहणं तिला इथेच मिळालं. परतल्यावर ते नसेल. तरावीहला म्हाताऱ्या अजून तिची जागा धरून ठेवतात. त्यांना ईदला शिरखुर्मा खाऊ घालायचाय. शेवया आहेत, चारोळी मिळालेली नाही.